पावसाळ्यात एअर पिस्तूल खाली मारतंय, हवा टिकत नाही: काय तपासावं आणि कुठे थांबावं

मिरग लागला की गोव्यातल्या आमच्या नेमबाजीच्या रेंजवर एकच तक्रार फिरून फिरून येते. "सर, पिस्तूल खाली मारतंय." कधी तिला जोडून "सिलिंडर भरून ठेवला होता, सकाळी काटा खाली." तक्रार करणारी मुलं डिचोलीची असोत की पेडण्याची, पिस्तूल स्टायर असो, मोरिनी असो की वॉल्थर, दुखणं बहुतेक वेळा तेच असतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवल्यापासून नव्या मुलांची भर पडली आहे. पालकांनी कर्ज काढून, नाहीतर दुसऱ्याकडून वापरलेलं पिस्तूल घेतलेलं असतं. बिघाड दिसला की घरात काळजी पसरते आणि कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो. तो हातात घेण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

हे सगळं दहा मीटरच्या, ४.५ मिमीच्या, भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या सामन्याच्या पिस्तुलाबद्दल आहे. लिव्हर उचलली की बोल्ट मागे येतो, आपण छर्रा ठेवतो, लिव्हर दाबली की बोल्ट छर्ऱ्याला नळीत ढकलतो. पन्नास मीटरच्या .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन पिस्तुलाबद्दल शेवटी थोडं सांगेन, कारण तिथले नियम वेगळे आहेत.

आधी लक्षणं नीट ओळखा

"बिघडलंय" हे निदान नव्हे. नेमकं काय होतंय ते वहीत लिहा. मला मुख्यतः ही लक्षणं दिसतात:

- छर्रे सरळ सहा वाजताच्या रेषेत खाली उतरत जातात, डावी-उजवीकडे फारसे जात नाहीत.
- थोडा वेळ थांबून मारलेला पहिला छर्रा वर जातो, मग पुढचे ठीक.
- छर्रे कुठेही जातात, मध्येच एखादा दोन-तीन रिंग बाहेर.
- सिलिंडरचा काटा रातोरात खाली येतो, किंवा बारीक सूं आवाज येतो.
- मारताना गालाला किंवा अंगठ्याजवळ हवेची झुळूक लागते.
- लिव्हर बंद होताना अडते.
- ट्रिगर धरत नाही, किंवा लिव्हर बंद करतानाच पिस्तूल सुटतं.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. छर्रा काढा, सिलिंडर काढा, पिस्तूल डब्यात ठेवा आणि कारागिराला दाखवा. त्यात घरी करण्यासारखं काहीही नाही.

काहीही तपासण्याआधी

छर्रा नाही हे डोळ्यांनी बघायचं, नळीतून सेफ्टीची भगवी दोरी घालायची. आतल्या भागाला हात लावायचा असेल तर सिलिंडर काढायचा. सिलिंडर काढला म्हणजे हवा संपली असं मात्र नाही, रेग्युलेटरच्या (हवेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागाच्या) पुढे थोडा दाब उरतो. दोरी काढून, नळी टार्गेटकडे धरून, छर्ऱ्याविना ट्रिगर दाबत राहायचं, फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत. ड्राय-फायरवर (हवेशिवाय ट्रिगरच्या सरावाच्या सेटिंगवर) ठेवून हे होत नाही, तिथे हवा सुटतच नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. मुलं एकटी असताना यातलं काही करू देऊ नका.

पहिली तपासणी: दोष पिस्तुलाचा की हाताचा?

यात एक पैसाही लागत नाही, आणि इथेच अर्ध्याहून जास्त तक्रारी मिटतात. त्यामुळे यावर जरा थांबतो.

थोडं गणित करा. सामन्याच्या पिस्तुलातून छर्रा साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे २२ मिमी खाली येतो. साइट या उताराला धरूनच लावलेली असते. आता गळतीमुळे वेग १४० झाला असं समजा. उतार २५ मिमी होतो, म्हणजे फरक जेमतेम ३ मिमी. वेग १२० वर घसरला तर फरक १२ मिमी. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी आहे आणि त्याबाहेर प्रत्येक रिंग ८ मिमी रुंद. म्हणजे वेग तब्बल ३० मीटरने पडला तरी छर्रा दीड रिंग खाली जाईल. तीन रिंग खाली जायला वेग १०० च्या आसपास यावा लागेल, आणि तसं झालं तर आवाज इतका मंद येईल की शेजारच्या लेनवरचाही वळून बघेल.

हिशोब ढोबळ आहे, हवेचा विरोध त्यात धरलेला नाही. तरी त्यातून एक गोष्ट पक्की कळते. छर्रा अचानक सातच्या किंवा सहाच्या रिंगमध्ये गेला आणि आवाज नेहमीचाच होता, तर दोष हवेचा नाही. साइट हलली असेल, छर्रा खराब असेल किंवा हात. उजव्या हाताने मारणाऱ्याचे छर्रे सात-आठ वाजताच्या दिशेला जात असतील तर ट्रिगर झटक्याने ओढला जातोय. हवेच्या गळतीने छर्रा सरळ खाली जातो, कोपऱ्यात जात नाही.

खात्री करायची तर मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच छर्ऱ्यांचे दोन ग्रुप मारा, आणि दोन ग्रुप दुसऱ्या अनुभवी नेमबाजाकडून मारून घ्या. नव्या पिस्तुलाच्या डब्यात कारखान्याची चाचणीची चकती असते. तिच्यावर पाच छर्ऱ्यांचं मिळून जवळजवळ एकच भोक दिसतं. टेकवून मारल्यावर तुमच्याही पिस्तुलाचं तसंच येत असेल तर पिस्तूल निरोगी आहे. मुलाला सांगताना जपून सांगा. परीक्षेच्या दिवसांत, ताप येऊन गेल्यावर हात थकलेला असतो, त्यात त्याची चूक नसते.

दुसरी: छर्रे

एक डबा काही शे रुपयांचा. पिस्तूल शेकडो किलोमीटर दूर दुरुस्तीला पाठवण्यापेक्षा नवा डबा उघडणं कितीतरी स्वस्त.

शिसं दमट हवेत पांढुरकं पडतं. डबा उघडून बघा. छर्ऱ्यांवर पिठासारखा थर असेल, हाताला लागत असेल, तर ते छर्रे सरावालाही वापरू नयेत. तो थर नळीत बसतो आणि छर्ऱ्याचं माप बदलतो. मागचा घागऱ्यासारखा भाग दबलेला असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा भरकटतो. दप्तरात डबा खडखडत नेला की असे दबलेले छर्रे हमखास निघतात.

डब्यावर डोक्याचं माप असतं, ४.४९, ४.५० असं. वजनही बघा. पिस्तुलासाठीचा हलका छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, रायफलचा थोडा जड. क्लबमध्ये रायफलवाल्या मित्राकडून उसने घेतलेले छर्रे खाली लागले तर त्यात नवल नाही. एकाच बॅचचा, न उघडलेला डबा घ्या आणि पुन्हा ग्रुप मारा.

पावसाळ्यात उघडा डबा घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांनी काही खायचं नाही. शिसं पोटात जाणं हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. रेंजवर चहासोबत पाव-भाजी खाणाऱ्या मुलांना मी हे रोज सांगतो.

तिसरी: स्क्रू, ग्रिप आणि साइट

अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप आपल्या हवेत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये घट्ट केलेला स्क्रू ऑगस्टमध्ये वेगळाच बसतो. ग्रिप केसभर हलली तरी नेम हलतो. कंपनीसोबत आलेल्या अ‍ॅलन कीनेच ग्रिप, मागची साइट, पुढची साइट आणि नळीच्या टोकाचा कॉम्पेन्सेटर तपासा. जोर लावू नका. अ‍ॅल्युमिनिअमचे आटे एकदा गेले की गेले.

मागच्या साइटचा स्क्रू फिरवताना टकटक जाणवते का बघा. जाणवत नसेल तर आतल्या स्प्रिंगला गंज असू शकतो. समुद्राजवळ, मांद्रे-मोरजीच्या बाजूला राहणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं. खारट हवा पोलादाला लवकर खाते. साइटवर एक थेंब बारीक तेल चालेल, पण कापडाला लावून. थेट ओतायचं नाही.

कॉम्पेन्सेटरच्या भोकांत शिशाची राखाडी पूड साचते. ती वाढली की जाणारा छर्रा तिला घासतो आणि मध्येच एखादा वेडावाकडा जातो. सिलिंडर काढून, कोरड्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. "कुठेही जातात" या तक्रारीतली बरीच पिस्तुलं एवढ्यानेच शांत होतात.

चौथी: काटा खरंच खाली येतोय का?

हाताच्या पंपाने सिलिंडर भरला की तो तापतो. समजा ४५ अंशांवर काटा २०० बार दाखवतोय. तोच सिलिंडर रात्री २८ अंशांवर आला की काटा १८९ च्या आसपास दिसेल. रेंजच्या एसी हॉलमध्ये २२ अंशांवर साधारण १८५. हवा एक कणही गेलेली नाही, ती फक्त निवली. म्हणून भरल्यावर तासभर थांबा आणि मग आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत पुन्हा बघा.

२०० बारच्या वर भरून "नंतर उतरेलच" असा हिशोब करू नका. सिलिंडरवर छापलेली मर्यादा ही मर्यादाच असते.

दुसरी बाजू म्हणजे काटा फार खाली जाऊ देणं. रेग्युलेटर सिलिंडरमधला जास्त दाब कमी करून एकसारखा पुढे देतो. सिलिंडरमधलाच दाब त्याच्या नेमलेल्या दाबाजवळ आला की पुढे द्यायला काही उरत नाही आणि छर्रे एकेक करून खाली उतरायला लागतात. एका भरण्यात साधारण दीडशे ते दोनशे छर्रे मारता येतात, मॉडेलप्रमाणे फरक पडतो. काटा १०० बारवर आला की मी मुलांना पुन्हा भरायला लावतो. सामन्यात साठ छर्रे आणि त्याआधीचे सरावाचे धरले तर अर्ध्या सिलिंडरवर उभं राहणं योग्य नाही.

पाचवी: गळती नेमकी कुठे?

आधी सिलिंडर वेगळा आणि पिस्तूल वेगळं ठेवून रात्रभर बघा. सुट्या सिलिंडरचा काटा उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गेजमध्ये आहे, ते घरचं काम नव्हे. सुटा सिलिंडर ठीक राहिला आणि जोडल्यावर उतरला तर दोष जोडात किंवा पिस्तुलात.

जोडासाठी भांड्याच्या साबणाचं पाणी मऊ ब्रशने लावा. बुडबुडे फुगत राहिले तर तिथली ओ-रिंग गेली. पिस्तूल पाण्यात बुडवून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काम झालं की साबण ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा.

ओ-रिंग म्हणजे कुकरच्या रिंगसारखीच गोष्ट, रबर कडक झालं की वाफ निसटते. सिलिंडरच्या मानेजवळची ओ-रिंग घरी बदलता येते. सिलिंडर काढा, जुनी रिंग लाकडी टूथपिकने उचला. सुई किंवा पिन वापरू नका, खाचेवर ओरखडा पडला की नवी रिंगही गळेल. नवीवर टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन ग्रीस लावा आणि बसवा. रिंग कंपनीच्या संचातलीच घ्या. म्हापशाच्या बाजारात पाण्याच्या पंपाची, दिसायला तशीच रिंग दहा रुपयांत मिळते, पण तिच्या रबराचा कडकपणा वेगळा असतो आणि दोनशे बारखाली ती चिरडते.

जोड कोरडा असूनही काटा उतरत असेल तर पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून बोल्ट उघडा ठेवा आणि त्या खाचेवर टिश्यू पेपरची बारीक पट्टी टाका. पंखा बंद हवा. पट्टी हलत असेल तर मुख्य व्हॉल्व्हमधून हवा येते आहे. इथे तुमचं काम संपलं. व्हॉल्व्ह उघडायचा नाही.

सहावी: बोल्टची ओ-रिंग

बोल्ट पुढे गेल्यावर नळीच्या मागच्या तोंडाशी एक छोटी ओ-रिंग हवा अडवते. ती झिजली की मारताना गालाला झुळूक लागते आणि वेग प्रत्येक छर्ऱ्याला वेगळा येतो. तपासायला बोल्ट बंद करून त्या फटीवर टिश्यूचा तुकडा ठेवा आणि टार्गेटवर छर्रा मारा. तुकडा उडाला तर रिंग गेली. काही मॉडेलांत ती बाहेरून दिसते आणि मॅन्युअलमध्ये बदलण्याचं चित्र असतं. चित्र असेल तर बदला, नसेल तर हात लावू नका.

लिव्हर अडत असेल तर जोर करू नका. बहुतेक वेळा छर्रा तिरका बसलेला असतो, किंवा आधीचा नळीत अडकलेला असतो आणि त्यावर दुसरा चढवला जातोय. सिलिंडर काढा, उरलेली हवा रिकामी करा आणि बोल्ट उघडून बघा. अडकलेला छर्रा काढण्यासाठी मागून हवा सोडायची नाही आणि लोखंडी सळई घालायची नाही. ते काम रेंजवरच्या प्रशिक्षकासमोर, योग्य रॉडने.

नळी साफ करायची तर फेल्टचे गोळे किंवा मऊ दोरी, मागून पुढे. तेल न लावता. साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे इकडेतिकडे जातील, त्यावरून साइट फिरवू नका. मला विचाराल तर मुलं नळी गरजेपेक्षा जास्त साफ करतात. ग्रुप चांगला येतोय तोवर नळीला त्रास देऊ नये.

सातवी, आणि आपल्याकडची खरी: पाणी

वरचं सगळं ठीक असताना छर्रे वर-खाली होत असतील, तर मी पहिला प्रश्न विचारतो: सिलिंडर कशाने भरता? पावसाळ्यात उत्तर बहुतेक वेळा "घरी, हाताच्या पंपाने" असं येतं.

हवेत पाणी किती असतं ते बघा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडचा जुलैतला साधा दिवस, तेव्हा एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. सिलिंडर १०० मिलिलिटरचा धरला आणि २०० बारपर्यंत भरला, तर त्यात बाहेरची २० लिटर हवा कोंबली जाते. त्या हवेसोबत अर्धा ग्रॅम पाणी येतं. पण १०० मिलिलिटर जागेत वाफ म्हणून मावणारं पाणी काही मिलिग्रॅम एवढंच. बाकी सगळं थेंब होऊन बाहेर पडतं. काही पंपातच जमतं, उरलेलं सिलिंडरमध्ये जातं. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्याने गणपतीपर्यंतचा हिशोब स्वतःच करावा.

हे पाणी सिलिंडरला आतून खातं, रेग्युलेटरच्या बारीक गाळणीत अडतं, वॉशरच्या चकत्यांवर गंज धरतं. मग दाब एकसारखा राहत नाही. थांबून मारलेला पहिला छर्रा वर आणि पुढचे खाली, हे त्याचं नेहमीचं चिन्ह. ट्रिगरपासून ग्रिपपर्यंत सगळं दुरुस्त करून झालं तरी पाण्याचा बंदोबस्त केला नाही, तर तेच दुखणं पुढच्या जूनमध्ये परत येतं.

उपाय असा. शक्य असेल तर कोरडी हवाच भरा. रेंजवर मोठा सिलिंडर असेल तर तिथून. किनाऱ्यावरची स्कूबा डायव्हिंगची केंद्रं कोरडी, गाळलेली हवा भरतात. योग्य अ‍ॅडॉप्टर आणि चाचणीची तारीख न उलटलेला मोठा सिलिंडर असेल तर तिथे भरून मिळतो. फक्त लक्षात ठेवा, पावसात समुद्र खवळलेला असताना डायव्हिंग बंद असतं, तेव्हा मे महिन्यातच सोय करून ठेवा. भरताना हवेची नळी जोडण्याआधी मोठ्या सिलिंडरची चावी क्षणभर उघडून तोंडाशी जमलेलं पाणी उडवा, आणि पिस्तुलाचा सिलिंडर हळूहळू भरा.

पंपाशिवाय पर्याय नसेल तर त्याला सुकवणीची गाळणी जोडा. तिच्यातले दाणे रंग बदलतात, ते बघत राहा आणि वेळेवर बदला. चाळीसेक झटक्यांनंतर थांबा, पंपाची ब्लीड चावी उघडून पाणी सोडा, पंप निवू द्या, मग पुढे. पाऊस कोसळत असताना भरू नका. दुपारी ऊन पडलेलं असेल तेव्हा किंवा एसीच्या खोलीत भरा.

आणि दोन गोष्टी कधीच नाहीत. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरायचा नाही, वेल्डिंगच्या दुकानातला तर नाहीच. हवेच्या वाटेत साधं तेल किंवा ग्रीस घालायचं नाही. जास्त दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं, आणि ऑक्सिजनसोबत ते स्फोटासारखं पेटतं.

ठेवण्याचंही सांगतो. डब्यातला फोम ओल धरून ठेवतो. चवथीला मुलं दहा-बारा दिवस रेंजकडे फिरकत नाहीत आणि पिस्तूल फोममध्ये बंद राहतं. त्यापेक्षा कोरड्या फडक्यात गुंडाळून, सिलिका जेलसह कुलपाच्या कपाटात ठेवा. कपड्यांच्या कपाटात ओलीसाठी दिवा लावतात तसा दिवा लावत असाल तर सिलिंडर तिथे ठेवू नका, भरलेल्या सिलिंडरला उष्णता नको.

आठवी: वेग मोजून बघा

क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, क्लबमध्ये किंवा प्रशिक्षकाकडे असतो. त्याच डब्यातले दहा छर्रे मारा, प्रत्येकाचा वेग लिहा. मग तीन मिनिटं थांबून अकरावा मारा.

सगळे वेग एकमेकांजवळ पण कमी असतील तर स्प्रिंग किंवा सेटिंगचा प्रश्न. भरलेल्या सिलिंडरवरही वेग एकेक करून घसरत असेल तर रेग्युलेटरची वाट चोंदली आहे. विश्रांतीनंतरचा अकरावा छर्रा ठळकपणे जास्त वेगाने गेला तर रेग्युलेटर बसून राहत नाही, दाब हळूहळू चढतो आहे. वेग मनमानी असतील तर छर्रे किंवा बोल्टची ओ-रिंग, म्हणजे पुन्हा दुसऱ्या आणि सहाव्या तपासणीकडे.

वेगाचा स्क्रू फिरवून आकडा वर आणण्याचा मोह होतो. तो स्क्रू दुखणं झाकतो. आठवड्याने गळती वाढते आणि मग खरं निदान करणं कारागिरालाही कठीण जातं.

ट्रिगर

थोडक्यात. नियमाप्रमाणे ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम हवा. रेंजवरच्या वजनाने तो महिन्यातून एकदा तपासा. ओल आणि धूळ यांनी तो हळूहळू बदलतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर आधी बॅटरी बदला आणि तिच्या टोकांवर हिरवट थर आहे का बघा. मॅन्युअलमध्ये दाखवलेले स्क्रू सोडून दुसरे फिरवायचे नाहीत.

इथे थांबा

रेग्युलेटर, मुख्य व्हॉल्व्ह, ट्रिगरची आतली खिटी: यांपैकी काहीही उघडायचं नाही. स्प्रिंग आणि दाब दोन्ही डोळ्याच्या दिशेने सुटू शकतात. सिलिंडरला पोचा आहे, आट्यांवर गंज आहे, गेजच्या काचेच्या आत वाफ दिसते, तर तो भरायचाही नाही. सिलिंडरवर तयार केल्याची तारीख असते. बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात, आणि मुदतीतला सिलिंडर वापरणं ही आंतरराष्ट्रीय नियमांत नेमबाजाची जबाबदारी आहे. वापरलेलं पिस्तूल घेताना ही तारीख सगळ्यात आधी बघा. सिलिंडरची मुदत संपली असेल तर किंमत त्याप्रमाणे कमी करून मागा.

पन्नास मीटरच्या .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन पिस्तुलाचं सांगायचं राहिलं. ४.५ मिमीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आपली पिस्तुलं पाच-सहा ज्यूलचीच. पण .२२ हे शस्त्र कायद्याखालचं अग्निशस्त्र आहे. त्यात काडतूस उडालं नाही तर नळी टार्गेटकडे धरून किमान एक मिनिट थांबा, रेंज ऑफिसरला हाक मारा, बोल्ट लगेच उघडू नका. बोल्ट, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर यांचं काम परवानाधारक कारागिराचंच, एकाही स्क्रूला घरी हात नाही.

कारागिराकडे पाठवताना

गोव्यात या कामाचे लोक मोजके. बहुतेक वेळा पिस्तूल मुंबई, पुणे किंवा दिल्लीला जातं, नाहीतर मोठ्या स्पर्धेत कंपनीचा माणूस येतो तेव्हा त्याला दाखवतात. सिलिंडर रिकामा करूनच पाठवा. दाबोळी किंवा मोपावरून विमानाने स्वतः नेत असाल तरी रिकामाच, आणि विमान कंपनीला आधी कळवून.

सोबत एक कागद जोडा. मॉडेल आणि क्रमांक, सिलिंडरची तारीख, कोणते छर्रे, हवा पंपाची की डायव्हिंग केंद्राची, लक्षण कधीपासून, टेकवून मारलेल्या ग्रुपची चकती, दहा छर्ऱ्यांचे वेग आणि विश्रांतीनंतरचा अकरावा, कोणती ओ-रिंग बदलली. वेगाचा स्क्रू कोणी फिरवला असेल तर तेही लिहा. "खाली मारतंय" एवढंच लिहून पाठवलेलं पिस्तूल तिथे महिनाभर पडून राहतं. हा कागद असला की कारागीर फोन करून नेमकं विचारतो, आणि मूल राज्य स्पर्धेला स्वतःच्या पिस्तुलाने उभं राहतं.